आज तर बुधवार

लेकीच्या इमारतीत तळमजल्यावर एक सामायिक हॉल आहे. दोन टेबलं, प्लास्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात गरम पाण्याचं मशीन आणि भिंतीला पाठ लावून उभा असलेला एक जुना कवाई पियानो. तैपेईला येऊन मला सहा दिवस झाले होते. बाहेर डिसेंबरातला तो बारीक, छत्रीला न जुमानणारा पाऊस चालू होता. लेक सकाळी प्रयोगशाळेत गेली की रात्रीच उगवायची, आणि मला तिथे कुणाशी एक शब्द बोलता येत नव्हता. त्या दुपारी खाली उतरले तर हॉलमध्ये चार-पाच शाळकरी मुलं गृहपाठ करत होती आणि एक म्हाताऱ्या बाई चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून पेपर वाचत होत्या. पियानोचं झाकण उघडंच होतं. चाळीस वर्षांनंतरही बोटांना जे एकच आठवतं ते वाजवायला बसले, फ्यूर एलीस. पहिली ओळ संपते न संपते तोच मागून कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं. मग एक मुलगा उठला, खांद्यावर काहीतरी जड टाकल्याचा अभिनय करत दारापर्यंत पळत गेला आणि सगळा हॉल खदखदला. पेपरवाल्या बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, एकच छोटंसं वाक्य बोलल्या, आणि हसू दुप्पट झालं. मी झाकण लावलं आणि जमेल तितक्या प्रौढपणे लिफ्टकडे चालू लागले.

रात्री लेकीला सांगितलं तर तिने हातातला चमचा खाली ठेवला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "अगं आई, ती कचऱ्याची गाडी आहे!"

तैवानात राहून आलेल्यांना हे सांगायला नको, पण मला ते नवीन होतं. आठवडाभर आजारी लेकराची काळजी घेतल्यासारखी मी खिडक्या लावून आत बसले होते, त्यामुळे गाडी माझ्या कानांवरून गेलीच नव्हती. तिथे कचरा जमिनीला टेकवायचा नाही. ठरलेल्या वेळी पिवळी गाडी गल्लीच्या तोंडाशी येते, आणि येताना भोंग्यातून एकतर बेथोवनचं फ्यूर एलीस नाहीतर बादार्झेव्स्का या पोलिश बाईंचं मेडन्स प्रेयर वाजवत येते. सूर ऐकला की दारं उघडतात. घरातल्या चपला, अर्धवट वाळलेले केस, एका हातात निळी पिशवी आणि दुसऱ्यात खरकट्याची बादली असा अख्खा मोहल्ला बाहेर. तिथे सांगतात की एका आरोग्य अधिकाऱ्याची मुलगी घरी मेडन्स प्रेयरचा रियाज करत होती, ते ऐकून त्यांनी ही धून गाडीला दिली. खरी असो वा रचलेली, गोष्ट मला आवडली, कारण तिच्यात एक कंटाळलेली मुलगी आहे, एक पियानो आहे आणि रोज तेच तेच ऐकून पिकलेलं एक घर आहे. आमच्या घरात ती मुलगी मी होते.

दुसऱ्या दिवशी लेक त्या बाईंना लिफ्टमध्ये भेटली आणि त्या नेमकं काय म्हणाल्या होत्या ते विचारून आली. त्या म्हणाल्या होत्या, "आज तर बुधवार." तैपेईत बुधवारी आणि रविवारी कचऱ्याची गाडी नसते.

हसण्याचं मला फारसं काही वाटलं नाही. किंबहुना ते वाक्य इतकं नेमक्या जागी पडलं होतं की मनातून दाद दिली. टोचलं ते त्यानंतरचं. शुक्रवारी लेक लवकर आली तेव्हा आम्ही दोघी खाली गेलो. बाई तिथेच होत्या. त्यांना सगळे लाओशी म्हणतात. सर काय, बाई काय, शिकवणाऱ्या सगळ्यांना तिथे हा एकच शब्द. पस्तीस वर्षं त्यांनी मुलांना पियानो शिकवला होता. त्यांनी माझा हात धरून मला स्टुलावर बसवलं आणि लेकीकडे बघून काहीतरी विचारलं. लेक म्हणाली, "आई, त्या म्हणतायत, तुमच्याकडचं काहीतरी वाजवा." मी हात वर घेतले. मग मांडीवर ठेवले. चाळीस वर्षांपूर्वी परीक्षेसाठी बसवलेल्या रचना मनात एकामागून एक आल्या आणि गेल्या. त्यांतली एकही आमच्याकडची नव्हती.

पियानो मी दादरला शिकले. आमच्या मिस मूळच्या गोव्याच्या, म्हापशाकडच्या. त्यांच्या घरात पायरीपासूनच फर्निचर पॉलिशचा आणि व्हिनेगरचा वास यायचा. नखं वाढलेली दिसली तर धडा नाही, आधी नेलकटर. दरवर्षी लंडनच्या बोर्डाची परीक्षा, एक परीक्षक विमानाने यायचा आणि आमच्या घामेजल्या हातांना गुण देऊन जायचा. घरी मात्र आजोबांची पेटी. ते भजनी मंडळात वाजवायचे. गुरुवारी संध्याकाळी दिवाणखान्यात टाळ, पेटी आणि उदबत्ती, नि शनिवारी सकाळी मी बाख घेऊन ट्राममार्गाच्या पलीकडे मिसकडे. ट्राम तेव्हा बंद झालेली होती, पण आजोबा रस्त्याला ट्राममार्गच म्हणत. या दोन खोल्यांमध्ये दार आहे असं मला कधी वाटलंच नाही. एकदाच, दहा-अकरा वर्षांची असताना, मिसच्या पियानोवर शिकलेल्या तोऱ्यात मी आजोबांना म्हटलं होतं की पियानोवर भूप राग किती छान वाजेल ना. ते म्हणाले, "त्या टाइपरायटरवर? मींड कुठून काढशील?"

हे पेटीवाल्या माणसाने म्हणावं, यातली गंमत मला तेव्हा कळली नाही. एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जायचं ती मींड, आणि पेटीत तरी ती कुठे असते. एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर उडीच मारायची, दोघींच्या मधल्या जागेत पेटीला जाताच येत नाही. याच कारणासाठी 1940 ते 1971 अशी एकतीस वर्षं आकाशवाणीवर पेटीला मज्जाव होता. परकं वाद्य, सूर जागचे हलत नाहीत, श्रुती, म्हणजे सुरांमधले बारीक भेद, सांभाळत नाही. आणि तरी त्याच काळात महाराष्ट्रातल्या प्रत्येक भजनात, कीर्तनात आणि नाटकाच्या पडद्याआड पेटीच होती. आजोबांचं म्हणणं असं की हात तयार असला की पेटीतून मींड ऐकू येते. ती तिथे नसते, पण येते. मला वाटायचं, म्हातारा माणूस आहे, बोलू द्यावं.

मी काहीच वाजवत नाही असं पाहून लाओशींनी मला हलकेच बाजूला सरकवलं. स्टूल दोन वेढे खाली घेतलं आणि वाजवायला लागल्या. सुरुवातीला मला ते सूर सुटेसुटे वाटले, कुणीतरी वाळत घातलेल्या कपड्यांतून पाणी गळावं तसे. मग मी खिडकीकडे पाहिलं. बाहेरचा तो चिकट पाऊस आणि आतला हा, दोन्ही एकाच चालीने पडत होते. आपल्याकडे पाऊस म्हटला की संगीतात तो कोसळतो, गरजतो, मेघ नि मल्हार असतो. हा पाऊस कोसळणारा नव्हता. हा नुसता असणारा पाऊस होता, महिनोन् महिने. वाजवून झाल्यावर त्या म्हणाल्या, "कीलुंग." त्यांचं गाव. तैपेईपासून पाऊण तासावरचं बंदर, ज्याला तैवानात पावसाळी बंदर असंच म्हणतात. मा श्वेइ-लुंग या संगीतकाराचा जन्मही तिथलाच, 1939 सालचा, आणि तिशीत, 1969 मध्ये, त्याने पियानोसाठी पावसाळी बंदराची चार रेखाटनं लिहिली. पाऊस, देवळाच्या दारात, शिंपले वेचणारी मुलगी आणि बंदराची रात्र. लाओशींनी पहिलं वाजवलं होतं. दुसरं त्यांनी अर्धंच वाजवलं, आणि वाजवताना डाव्या पायाने जमिनीवर ठेका धरला. त्यात मला झांजा ऐकू आल्या, जत्रेतल्या.

पुढच्या रविवारी लेक मला कीलुंगला घेऊन गेली. त्या "देवळाच्या दारात" आता खाऊगल्ली आहे. पिवळ्या आकाशकंदिलांच्या रांगा आणि त्यांच्याखाली तळणीतून उठणारी वाफ. देऊळ या सगळ्याच्या मधोमध, गर्दीत उभ्या असलेल्या वडीलधाऱ्या माणसासारखं. पावसाचा, तेलाचा आणि धूपाचा मिळून एक वास येत होता. मला वाटलं होतं की इथे आल्यावर ते रेखाटन अधिक कळेल. तसं काही झालं नाही. पाय ओले झाले आणि एका मुलाने मला "आयी, आयी" अशी हाक मारून छत्रीची काडी बाजूला घ्यायला सांगितलं. मँडरिनमध्ये मावशीला आयी म्हणतात. पाच हजार किलोमीटरवर अनोळखी पोराने आई म्हणावं, म्हणून मी उगाच अर्धा तास खुशीत होते.

त्यानंतर मी रोज दुपारी खाली जायला लागले. भाषेची सोय नव्हती, तर लाओशींनी वहीवर आकडे काढले. 1 2 3 5 6. मला वाटलं बोटांचे क्रमांक असतील, पण मग चार कुठे गेला? त्यांनी एकेक आकडा म्हणत काळ्या पट्ट्या दाबल्या, आणि माझ्या पोटात काहीतरी हललं. सा रे ग प ध. तिकडे स्वरलिपी आकड्यांनी लिहायची पद्धत सर्रास आहे, आणि त्यांतले चार नि सात, म्हणजे आपले मध्यम आणि निषाद, बऱ्याच चालींत लागतच नाहीत. घोटाळा इतकाच की त्यांचा एक म्हणजे माझी काळी तीन, पेटीवरची तिसरी काळी पट्टी, त्यांचा सहा म्हणजे माझी काळी दोन. पेटीवाल्यांच्या घरात वाढलेल्या माणसाला पट्टीचा नंबर आणि सुराचा नंबर असे दोन हिशेब एकदम सांभाळायचे म्हणजे डोक्याला तापच. दोघी हातवारे करत, चुकत, हसत होतो. मग मीच त्यांना एक गंमत दाखवली. पाचच काळ्या पट्ट्या, पण सा बदलत जायचा. काळी तीनला सा धरला तर भूप. काळी चारला धरला तर मधमाद सारंग. काळी पाचला मालकंस, काळी एकला दुर्गा, काळी दोनला धानी. मूर्च्छना म्हणतात याला आपण. लाओशींनी माझ्या वहीवर प्रत्येकापुढे एक चिनी अक्षर लिहिलं. गुंग, शांग, ज्वे, च, यू. पाच स्वरांपैकी ज्याला घर मानाल त्याच्या नावाची स्वरमाळ, ही त्यांचीही फार जुनी विद्या. आमची दोघींची यादी एकास एक जुळली.

त्या रात्री मी झोपले नाही म्हटलं तरी चालेल. लेकीला सांगितलं, बघ, यांचं ते आपलंच आहे.

दुसऱ्याच दिवशी ते खोटं ठरलं. लाओशींनी एक जुनं तैवानी गाणं वाजवलं. 1933 सालची चाल, तंग यू-श्येन या संगीतकाराची, लग्नाच्या वयाची एक मुलगी दाराशी चाहूल घेते आणि शेवटी कळतं की दार वाऱ्याने हललं होतं. सूर सगळे भूपाचे. आणि तरी माझा कान अडखळायला लागला. मी मनातल्या मनात तानपुरा लावून बसले होते, आणि चाल मात्र माझ्या सा कडे यायची तशी येतच नव्हती. भलत्याच ठिकाणी विसावा घेत होती, मला वाटे आता गंधारावर थांबेल तिथून ती निघून जाई. आपल्याकडे भूप आणि देशकार यांचेही सूर तेच असतात, म्हणून दोघांना एक म्हणणाऱ्याला गुरू उठवून लावतील. मग परक्याच्या अंगणातले पाच स्वर ऐकून मी आपलंच आपलंच म्हणून धावले ते कशाला? ओळखीचं काहीतरी सापडावं ही भूकच असते माणसाला, आणि भुकेल्या कानाला चव कळत नाही.

ऐकायला बसले की मग एकातून एक निघत गेलं. रात्री लेक झोपल्यावर मी तिचे हेडफोन घेऊन बसायची. पियानोवरच्या चिनी चालींचा माग निघतो 1934 सालच्या शांघायमध्ये. अलेक्झांडर चेरेपनिन हा रशियन पियानोवादक तिथे आला आणि त्याने स्पर्धा लावली, चिनी वळणाची पियानो रचना करून दाखवा. पहिलं बक्षीस मिळालं हे लूतिंग ('हे' हे आडनाव) नावाच्या तरुणाला, गुराख्याच्या पोराच्या पाव्यावरच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तुकड्याला. दोनच आवाज. उजवा हात पावा वाजवतो, डावाही पावाच वाजवतो, जरा मागून, जरा वेगळा. बाखला आणि गुराख्याला एका बांधावर बसवावं तसं. मधे पोरगं उड्या मारून येतं आणि पुन्हा बांधावर. मी मिसकडे शिकत होते तेव्हा हे वाजवायला मिळालं असतं तर, असं वाटल्यावाचून राहिलं नाही. मी तीच बोटं तशीच बाखवर झिजवत होते.

पण मला शोध होता तो मींडीचा. चिनी संगीतात ती भरपूर आहे, आपल्याइतकीच. गुछिन नावाचं त्यांचं सात तारांचं वाद्य आहे, मांडीवर किंवा टेबलावर आडवं ठेवून वाजवतात. डावं बोट तारेवरून घसरत, थरथरत जातं, आणि या घसरण्याच्या प्रकारांना वेगवेगळी नावं आहेत. त्यात एक गोष्ट अशी की नाद विरून गेल्यावरही बोट तारेवरून पुढे जात राहतं. तेव्हा ऐकू येते ती फक्त कातडी तारेवर घासल्याची खसखस, आणि पुढचा सूर ऐकणाऱ्याने आपल्या मनातच लावून घ्यायचा. हे पियानोवर कसं आणणार? पट्टी दाबली की हातोडी तारेवर पडली, विषय संपला. ली यिंगहाय यांनी 1975 मध्ये पीपा या तंतुवाद्यावरची एक जुनी चाल पियानोवर उतरवली, मावळतीच्या वेळी नदीवर वाजणारी बासरी आणि ढोल अशी. सुरुवातीला एकच सूर आधी सावकाश, मग जवळजवळ, मग दाट होत जातो, लांबवर ढोल वाजावा तसा. आणि चाल सुरू झाली की प्रत्येक महत्त्वाच्या सुराआधी एक इवलासा सूर चिकटून येतो. आपण ज्याला कण म्हणतो तो. त्या कणामुळे कानाला वाटतं की सूर कुठूनतरी ओढून आणलाय. मधली वाट वाजलेलीच नसते. मी तो तुकडा पंचवीस वेळा तरी मागे नेऊन ऐकला असेल, ती वाट नक्की कुठे आहे ते शोधायला. वांग ज्येनचुंग यांनी गुछिनवरचं प्लमच्या मोहोराचं गाणं 1973 मध्ये असंच पियानोवर आणलं. तिथे वरच्या सप्तकातले सूर इतके पातळ आणि थंड ठेवलेत की तारेला नुसतं बोट टेकवून काढलेले वाटावेत.

ही सालं बघून मी दचकले होते. 1973, 1975. सांस्कृतिक क्रांतीची वर्षं. पियानो म्हणजे भांडवलदारांचं परकं वाद्य म्हणून लोकांच्या घरचे पियानो फोडले गेले होते, हे लूतिंग यांना लोकांसमोर उभं करून हिणवलं गेलं होतं, पाश्चात्त्य रचना वाजवणं गुन्ह्यासारखं होतं. 1967 मध्ये यिन छंगचुंग या तरुण वादकाने चक्क एक पियानो ट्रकवर घालून तिआनानमेन चौकात नेला आणि रस्त्यावरच्या लोकांना विचारलं, सांगा काय वाजवू. वाद्य वाचवायचं तर ते लोकांच्या गाण्यांत बुडवायला हवं, हे त्याला कळलं होतं. शोपँ बंद, बेथोवन बंद, मग वादकांनी वाजवायचं काय? म्हणून जुन्या चालींची पियानोवरची रूपं लिहिली गेली, आणि आजही खूप वाजवल्या जाणाऱ्या काही चिनी पियानो रचना त्यांतूनच निघाल्या. मला यातून काही गोड निष्कर्ष काढायचा नाही. ज्यांचे पियानो फुटले, काहींची बोटं, काहींचे जीवही गेले, त्यांना विचारून कुणी हे केलं नव्हतं. फक्त एवढंच मनात येतं की तिकडे पियानोला स्वतःचं गाणं सापडत होतं त्याच सुमाराला, 1971 मध्ये, इकडे पेटी पुन्हा रेडिओवर आली. दोन्ही वाद्यांवर आरोप एकच होता.

आणि एक माणूस माझ्या डोक्यातून गेला नाही. च्यांग वेन-ये. जन्म 1910, तैवानात, जपानी राजवटीत. शिक्षण जपानमध्ये, विद्युत अभियांत्रिकीचं, आणि मन गाण्यात. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये कलास्पर्धा असत, त्यात त्याच्या तैवानी नृत्याच्या वाद्यवृंद रचनेला मानाचा उल्लेख मिळाला. रचना गेली ती जपानची म्हणून. 1938 मध्ये बीजिंगला गेला आणि तिथलाच झाला. तिथली देवळं, घंटा, धुळीची वादळं पियानोवर उतरवली. ली यिंगहाय यांनी जी चाल घेतली तीच याने तीस वर्षं आधी घेतली होती, चांदण्या रात्रीची नदी म्हणून. युद्ध संपल्यावर जपानचा हस्तक म्हणून तुरुंगात. 1957 मध्ये उजव्या विचारांचा म्हणून शिक्का, मग सांस्कृतिक क्रांतीत हाल. तैवानात चीनच्या मुख्य भूमीवर राहिलेल्या माणसाचं नावच निघत नव्हतं, ते निघालं 1980 नंतर, तोवर तो अंथरुणाला खिळला होता. 1983 मध्ये गेला तेव्हा तैवानातल्या अलीशान नावाच्या डोंगरावरची रचना अपुरी होती. त्याच्या दोन्ही रचना, नदीची आणि नृत्याची, मी एकामागोमाग ऐकल्या. यातलं चिनी कुठलं, तैवानी कुठलं आणि जपानी कुठलं, हे मला सांगता येईना.

हे मी लाओशींना विचारायला गेले आणि विचारताना "चिनी संगीत" असा शब्द वापरला. लेकीने भाषांतर करण्याआधी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. पण लाओशींना शब्द कळला होता. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, शाळेत तैवानी बोललं की दंड भरावा लागायचा, एकदा गळ्यात पाटी घालून उभं केलं होतं. घरी आजी जपानीत हिशेब करायची, आई तैवानीत रागवायची आणि शाळेत मँडरिन. मग त्यांनी आणखी एक चाल वाजवली, तंग यू-श्येनचीच, रात्रीच्या पावसात गळून पडलेल्या फुलाची. युद्धकाळात जपान्यांनी त्याच चालीवर युद्धप्रचाराचं गाणं बसवलं होतं. वाजवून झाल्यावर म्हणाल्या, "मी ही शिकवायचे तेव्हा शब्द सांगायचे नाही. आधी बोटांत बसू द्यायची." यावर मी काय बोलणार? गरम पाण्याच्या मशीनमधून तिघींसाठी पाणी आणलं.

परतायच्या आदल्या दिवशी मी काळी पाचला सा धरून मालकंस वाजवला. फक्त काळ्या पट्ट्या. आलापासारखं काहीतरी, मग आजोबांच्या मंडळातलं एक भजन. गंधारावर हात गेला की तो झुलायला हवा, आणि तो जागचा हलेना. तेव्हा मी तिथे कण लावला, लाओशींकडून उचललेला, मध्यमाचा ओझरता स्पर्श करून गंधार. दुसऱ्यांदा जरा उशिरा. तिसऱ्यांदा आणखी उशिरा. डोळे मिटून ऐकलं तर काहीतरी ओढल्यासारखं झालं खरं. नसेलही. लाओशींनी माझी वही घेतली, माझ्या आकड्यांपुढे पेन्सिलने एक नागमोडी रेघ काढली, आणि ती शेवटच्या आकड्यावर थांबवली नाही. कागदाच्या कडेपर्यंत नेली. लेकीला म्हणाल्या, सूर संपल्यावर बोट थांबवू नका. मी म्हटलं, पियानोवर बोट न्यायचं कुठे? लेकीने विचारलं. त्यांनी खांदे उडवले, हसल्या आणि पेपर उघडला.

पुण्यात परत येऊन आता चार महिने झाले. आमच्या गल्लीत सकाळी घंटागाडी येते, तिचं गाणं असं कर्कश असतं की कुत्री रडतात. पेटीच्या भात्याला भोक पडलंय, दुरुस्तीला द्यायची आहे, तोवर भाचीच्या कीबोर्डवर काळ्या पट्ट्या चाळवते. काल रात्री लेकीचा फोन आला, तिकडे बरीच रात्र झालेली. भाजी काय केली, पगार कधी, असं चाललं होतं आणि मागून बारीक आवाजात ते सुरू झालं. "आई, गाडी आली, धरून ठेव हं." तिने फोन खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, पिशवीची सळसळ ऐकू आली, मग दार. मी फोन कानाला लावून बसले. फ्यूर एलीस भोंग्यातून, कळकट, दाताच्या डॉक्टरकडच्या ड्रिलसारखं. खाली माणसांचे आवाज, कुणाचीतरी चप्पल, झाकण आपटल्याचा आवाज. थोड्या वेळाने गाडी निघाली. खिडकीखालून जवळ येत गेली, बरोबर खालून पुढे सरकली, आणि सरकताना सगळे सूर एकदम किंचित खाली उतरले. पाव सूर असेल जेमतेम. आणि उडी मारून नाही, घसरत, एकसंध, गल्लीच्या वळणापर्यंत.

मी फोन धरून ठेवला. लेक वर यायला अजून दोन मिनिटं होती.